वाचून घेतलेल्या शेअर्सची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी, खोकी आणि लेबले छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, आज पोटभर जेवून, कोणाशीही भांडण चालू नसताना आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र करीत आहे. "माझी बुद्धी शाबूत आहे" असे वाक्य घालणे आवश्यक आहे असे वकीलबाईंनी सांगितले. त्यावर शेजारी बसलेल्या वहिनींनी "कोणी तपासली?" असे विचारले. वाक्य आणि प्रश्न दोन्ही इथे नोंदवले आहेत.

माझे पूर्ण नाव, वय आणि पत्ता सोबतच्या पानावर आहे. ते नाव मला बँकेखेरीज कुठे ऐकू येत नाही, त्यामुळे इथे आम्ही घरात एकमेकांना जे म्हणतो तेच लिहिले आहे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या खालच्या मजल्यावर राहतात. आम्ही दोघी विधवा आहोत आणि आमच्यात जिना एकच आहे. जावाजावा म्हणजे उभा दावा, असे लोक म्हणतात. आमचे गुडघे असे आहेत की आमचा दावा बसूनच चालतो. त्यांचा एकुलता एक मुलगा तो माझा पुतण्या. मला मूल नाही. त्यामुळे त्याचे लाड मी करायचे आणि त्याला रागवायचे वहिनींनी, अशी कामाची वाटणी पहिल्यापासून आहे. तिच्यात मी जास्त नफ्यात राहिले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते एखाद्या पुस्तकात खुणेसाठी घातलेले सापडेल. शेअर सर्टिफिकेटे कागदी होती त्या काळात मी तीही खुणेलाच वापरीत असे, आणि एक सर्टिफिकेट ग्रंथालयाच्या प्रवासवर्णनातून परत मागून आणावे लागले होते.

हे मी तोंडी सांगत आहे आणि वकीलबाई टाइप करीत आहेत. वर्षभरापासून माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धूसर डाग आहे. कडेचे सगळे दिसते, पण जिथे पाहावे तिथेच कोणी बोट ठेवून बसल्यासारखे वाटते. जन्मभर लोकांच्या मजकुरातले डाग काढणाऱ्या बाईला हे बक्षीस मिळाले. देवाच्या विनोदबुद्धीबद्दल कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला काही शिकवले नव्हते.

कलम पहिले. घराचा माझा हिस्सा वहिनींना द्यावा आणि त्यांच्यामागे पुतण्याला. वहिनींनी वरच्या गॅलरीत लोणच्याच्या बरण्या ठेवू नयेत अशी माझी इच्छा आहे. ती पाळली जाणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम दुसरे. बँकेतली मुदत ठेव. ही माझ्या यजमानांची. ते स्वभावानेच मुदत ठेव होते. लग्नात जितके होते तितकेच शेवटपर्यंत राहिले, वर दरवर्षी थोडे व्याज. त्यांनी मला शेअर घेण्यापासून कधी अडवले नाही. फक्त मी नवा शेअर घेतला की ते उठून गॅस बंद आहे का पाहून येत. ही ठेव माझ्या औषधपाण्याला आणि शेवटच्या खर्चाला वापरावी. उरेल ते माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या वाचनालयाला द्यावे. कशासाठी, ते पुढे आहे.

कलम तिसरे, अवजारे. लाल पेन्सिली, भिंग, स्टीलची पट्टी आणि वाकवता येणारा दिवा. हे सगळे प्रेसमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला द्यावे. तिला काही उपयोग नाही. पण आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत त्या एका दिव्याखाली डोकी जुळवून इतक्या कादंबऱ्या संपवल्या आहेत की तो दुसऱ्या कोणाकडे गेला तर ती माझ्याशी बोलणार नाही. मी मेलेली असले तरी तिच्या अबोल्याला मी भिते.

कलम चौथे, हिशेब चुकते करणे. जे शेअरदलाल मला फोनवर "बाई, कादंबऱ्या वाचून शेअर घेता होय?" असे विचारून अर्धा मिनिट हसले होते, त्यांना माझ्याकडून एक कादंबरी द्यावी. कोणतीही चालेल, जाड असावी. प्रेसचे मालक म्हणत की कामाबाहेरचे वाचन म्हणजे डोळ्यांची उधळपट्टी. डोळ्यांच्या बाबतीत ते खरे ठरले. त्यांना माफ केले आहे.

कलम पाचवे, शेअर्स. इथे पाणी घ्यावे, कलम लांबलचक आहे.

कॉन्व्हेंटमध्ये वाचनालय सांभाळणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांच्या पांढऱ्या बाहीला नेहमी डिंकाचा वास यायचा. पुस्तक परत केल्यावर त्या गोष्ट विचारत नसत. "यात तुला कोण आवडलं नाही?" एवढेच विचारत, आणि "का?" त्याचे उत्तर नीट दिले तरच दुसरे पुस्तक मिळे. मी पुढे शेअर घ्यायला लागले तेव्हा मला दुसरी काही पद्धत माहीतच नव्हती. दर रविवारी चहाला वहिनी वर येत आणि मी कंपनीची गोष्ट सांगे. ती कोणासाठी काय बनवते, तिच्यावाचून कोणाचे अडते, तिला कोण बुडवू शकते. वहिनी शेवटी विचारत, "खलनायक कोण?" खलनायक सापडला नाही तर शेअर घ्यायचा नाही, हा आमचा नियम होता. ज्या गोष्टीत खलनायक दिसत नाही तिथे तोच गोष्ट सांगत असतो, असे वहिनींचे मत आहे.

वाचनाने मला शहाणे केले असे म्हणायचा मोह होतो. काही वेळा केलेही. प्रेसमध्ये शाम्पूच्या बाटल्यांची लेबले कमी होऊ लागली आणि एका न्हाण्यापुरत्या पुड्यांची वाढू लागली, तेव्हा सगळे म्हणाले की लोकांची ऐपत घसरली. मी त्याच सुमारास गोदीवरच्या मजुरांच्या कुटुंबाची एक कादंबरी वाचीत होते. तिच्यातली बाई चहाची पूड रोज आणायची, कारण नवरा पगार रोज आणायचा. ती गरीब होती, पण गिऱ्हाईक पक्की होती. मी पुडीचा चकचकीत कागद बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. आमच्या जिन्याला कठडा आहे तो त्या बाईच्या कृपेने. बिस्किटाच्या खोक्यावर किंमत तीच ठेवून वजन गुपचूप कमी झाले की पीठ महागले हे मला बातमीच्या आधी कळे, आणि बारीक अक्षरात छापलेले नेहमी खरे असते हे मी औषधांच्या पत्रकांवरून शिकले. माणसांच्या बाबतीतही ते लागू पडते.

पण मृत्युपत्रात खोटे बोलू नये. एका कंपनीच्या अध्यक्षांचे वार्षिक पत्र इतके सुंदर लिहिलेले होते, वाक्ये अशी तोलून मापून, की मी ते वहिनींना दोनदा वाचून दाखवले आणि आम्ही दोघी विरघळलो. इतके नितळ लिहिणारा माणूस लबाड कसा असेल? माणूस लबाड नव्हता. त्याने पत्र लिहायला एक कवी नेमला होता. कवीने नोकरी सोडली त्या वर्षी पत्र गद्य झाले आणि पुढच्या वर्षी कंपनीच राहिली नाही. दुसऱ्या एका कंपनीचे पत्र इतके ओबडधोबड होते की मी ते रद्दीत टाकले. तिचे नाव आता प्रत्येक नळावर आहे. दात घासताना मला ते रोज दिसते. डाग मधोमध असूनही दिसते.

आणि एकदा मी समुद्रावरच्या पुस्तकांत महिनाभर बुडाले होते. त्या भरात, कप्तानांवर जीव जडून, मी एका जहाज कंपनीचे शेअर घेतले. ती जहाजे हाकत नव्हती, भंगारात मोडत होती. त्या शेअरवर आम्हाला भरपूर नफा झाला. तो मी वाचनाच्या खाती जमा करीत नाही.

आता पुतण्या. हा गुणी आहे, कामसू आहे आणि मायाळू आहे. पण याला सगळे थोडक्यात हवे असते. पुस्तकांचे सारांश तो फोनवर ऐकतो, तेही दुप्पट वेगाने. सांगणारा माणूस चिमणीसारखा चिवचिवतो आणि आमचा मुलगा गंभीरपणे मान हलवतो. गेल्या वर्षी तो वर आला आणि म्हणाला, "काकू, एक जबरदस्त कंपनी आहे. ज्येष्ठांसाठी घरं बांधते. जगात म्हातारे वाढतच जाणार, म्हणजे ही वाढतच जाणार. माझं सगळं मी त्यात घालतोय. तुझं आणि आईचंही घालू."

"सगळं?" मी विचारले.

"थोडं थोडं करून कोणी मोठं झालं नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"सगळ्याच पुस्तकांत आहे," तो म्हणाला. सारांश ऐकला की सगळी पुस्तके सारखीच लागतात.

आम्ही म्हटले, घर दाखव. तो आनंदाने घेऊन गेला. कंपनीचा टाय घातलेला एक पोक्त माणूस आम्हाला नमुन्याचे घर दाखवू लागला. वाचनाचा कोपरा म्हणून एक शेल्फ होते. मी एक पुस्तक ओढले तर आख्खी रांग एकसंध हातात आली. आत पुठ्ठा होता. वहिनी म्हणाल्या, "घे, तुझ्या पुतण्याचं ग्रंथालय." पुतण्याचे कान लाल झाले. पुठ्ठ्याच्या पुस्तकांवरून कंपनी मोडीत काढू नये एवढी समज मला आहे. प्रश्न लिफ्टपाशी आला.

मी कधीतरी अंत्ययात्रेची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थाच्या आठवणी वाचल्या होत्या. दुकानात दुसरे काही आवडेना म्हणून घेतलेले पुस्तक. त्यात त्यांनी एका प्रकरणभर तक्रार केली होती की उंच इमारती बांधणारे लोक माणूस वर कसा जाईल याचा विचार करतात, खाली कसा येईल याचा करत नाहीत, आणि त्यांना कितीतरी सभ्य माणसांना लिफ्टमध्ये उभे करून आणावे लागले होते. मी ते हळूच वहिनींना सांगितले. वहिनी उंच आहेत. त्यांनी लिफ्टकडे पाहिले.

"मेल्यावर उंची वाढत नाही ना?"

"नाही, वहिनी."

"मग आत्ताच बघून घेऊ."

त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, चष्मा काढला आणि लिफ्टमध्ये आडव्या झाल्या. पाय बाहेर. दार त्यांच्या पोटऱ्यांना लागून परत उघडे, आणि लिफ्टमधली बाई दर वेळी गोड आवाजात "कृपया दारापासून दूर व्हा" म्हणे.

"मॅडम, उठा, प्लीज," टायवाले म्हणाले. "आपल्याकडे तशी वेळच येत नाही."

"का? इथे कोणी मरत नाही का?" वहिनींनी जमिनीवरून विचारले.

"स्ट्रेचरची लिफ्ट पुढच्या टप्प्यात आहे."

"आणि आम्ही कुठल्या टप्प्यात आहोत?"

मला हसू आवरेना. खलनायक सापडला होता. म्हाताऱ्यांसाठी घर बांधणाऱ्यांनी म्हातारा कसा दिसतो हे पाहिले होते, तो काय करतो हे कोणी वाचले नव्हते. ज्या कंपनीला गिऱ्हाइकाच्या आयुष्याचे शेवटचे पान माहीत नाही, तिथे सर्वस्व घालू नये असे मी पुतण्याला परत येताना सांगितले. तो गाडी चालवीत होता. तो एकदाच बोलला. "त्या माणसासमोर तुम्ही माझी लाज काढलीत. कंपनीची नाही, माझी." त्यानंतर तो खाली आईकडे येई, वर येत नसे. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून "काकू, बरी आहेस ना?" असे विचारी आणि मी बरी आहे म्हणे. मी बरी नव्हते.

हेही सांगते की हे लिहीत असताना त्या कंपनीचा भाव चढलेला आहे. पुतण्याने तो मला मुद्दाम पाठवला. वहिनींना आकडा वाचून दाखवावा लागला आणि त्यांनी तो कुजबुजत वाचला. कदाचित आमचेच चुकले असेल. कदाचित लोक उभ्यानेच जातील.

तेव्हा प्रश्न असा होता. शेअर्स पुतण्याला दिले तर तो ते एका दिवसात विकून एका ठिकाणी घालणार, आणि ते ठिकाण बुडाले तर त्याच्या हाती काही उरणार नाही. न द्यावेत तर तो जन्मभर समजणार की काकूने लिफ्टवरून मला तोडले. मी वकीलबाईंना म्हटले, अट घाला. माझ्या कपाटातली एक फळी वाचून झाल्याशिवाय त्याला शेअर मिळू नयेत.

"मॅडम, वाचलं की नाही हे ठरवणार कोण?"

"वहिनी. त्या प्रश्न विचारतील."

"आणि त्यांनी नापास केलं तर? कोर्टात काय सांगायचं?"

"पुन्हा परीक्षेला बसवायचं," वहिनी म्हणाल्या.

वकीलबाईंनी अट खोडली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी मी स्वतःच ती काढायला सांगितली. आमच्या वर्गात एक बडबडी मुलगी होती. बोलली की एक शिक्षिका तिला कोपऱ्यात उभे राहून मोठ्याने वाचायची शिक्षा देत. तिचा आवाज फार गोड होता. तिने शाळा सोडल्यावर पुस्तक हाती धरले नाही, हे तिनेच मला एका लग्नात सांगितले. हसत सांगितले. वाचनालयाच्या सिस्टरना हे कळले असते तर त्या रडल्या असत्या. शाळेला देणगी ठेवली आहे ती यासाठी. तिथे वाचायची शिक्षा कोणाला होऊ नये एवढीच तिची अट आहे, आणि तीही कोर्टात टिकणार नाही असे कळले.

म्हणून, माझे सर्व शेअर्स मी पुतण्याला, एकट्याला, कोणतीही अट न घालता देत आहे. त्याने ते ठेवावेत, विकावेत किंवा सगळेच्या सगळे त्या घरांमध्ये घालावेत. मला त्यांच्यातून पैसे मिळाले, त्याहून जास्त रविवार मिळाले. रविवार वारसाहक्काने देता येत नाहीत. पुस्तकेही त्यालाच. वाचली नाहीत तरी ती खरी आहेत, एकेक सुटी निघतात.

पुरवणी. मृत्युपत्र करणाऱ्याला वाचता येत नसेल तर ते त्याला वाचून दाखवावे लागते. आज दुपारी वकीलबाई वाचायला लागल्या आणि त्यांचा घसा बसला. वहिनींनी जिन्यातून हाक मारून, खाली त्यांच्याकडे आलेल्या पुतण्याला वर बोलावले. तो दारात उभा राहिला.

"थोडक्यात काय आहे?" त्याने विचारले.

"थोडक्यात तुझी काकू मरणार आहे," वहिनी म्हणाल्या. "आता बस आणि वाच."

वकीलबाई दुसरी प्रत घेऊन शब्दाशब्दावर बोट ठेवून बसल्या. पुतण्याने पहिल्या ओळीपासून वाचले. तो स्टेशनावरच्या घोषणेसारखा वाचतो. मुदत ठेवीपाशी तो थांबला, त्याला त्याचे काका आठवले असावेत. चिमणीपाशी म्हणाला, "दीडपट, काकू. दुप्पट नाही." दुरुस्ती नोंदवली. लिफ्टपाशी त्याने वाचणे थांबवले. मला त्याचा चेहरा दिसत नाही, कडेने खांदे दिसतात. खांदे हलत होते. रागाने की कशाने, हे मला कळेना. मग तो "पुढच्या टप्प्यात" हे शब्द कसेबसे वाचून इतका हसला की वहिनींनी त्याला पाणी दिले.

"कोणतीही अट न घालता" हे त्याने दोनदा वाचले. मग कागद खाली ठेवला.

"एकट्याच्या नावावर नको, काकू."

"का रे? विश्वासाने देतेय."

"तेच. माझा मला नाही. मी कशालाही पटकन हो म्हणतो. तुम्ही दोघी तिथे हसत होतात तेव्हा मला राग आला, पण त्या रात्री मी माझे अर्धे पैसे काढून घेतले. सगळे नाही, अर्धेच. तुला सांगितलं नाही."

"भाव चढलाय ना पण," मी म्हटले.

"चढलाय. त्याचाही राग आहे. मला नाही म्हणणारं कोणीतरी हवं. आईची सही लागेल असं लिही."

वहिनी डोळे पुसत होत्या, पण आवाज खणखणीत होता. "मी फुकट सही करणार नाही. मला सगळी गोष्ट सांगायची. आणि मी नाही म्हटलं तर जिना उतरून जायचं नाही."

तेव्हा पाचव्या कलमात लाभार्थीच्या स्वतःच्या मागणीवरून असा बदल केला आहे: शेअर्स पुतण्या आणि वहिनी यांच्या नावे एकत्र राहतील आणि दोघांच्या सह्यांशिवाय एकही विकला जाणार नाही. वहिनींच्या मागे दुसरी सही कोणाची, हे त्याने ठरवावे. मात्र ती व्यक्ती त्याच्यापुढे गप्प बसणारी नसावी.

हे सर्व मला पूर्ण वाचून दाखवण्यात आले. मी ते ऐकले, मला ते समजले, दोन ठिकाणी मी स्वतःवर हसले, आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. सही तिरपी झाली आहे, ती माझीच आहे. आणखी एक कलम घालायचे होते, पण वकीलबाई म्हणतात की जिवंतपणी घडायच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत. म्हणून येत्या रविवारी दुपारी कोण वर येणार आहे आणि मला काय वाचून दाखवणार आहे, ते इथे लिहिलेले नाही.

मृत्युपत्र करणार: (सही) काकू, पूर्ण नाव सोबतच्या पानावर

आमच्यासमोर सही केली, शुद्धीत होत्या, हसत होत्या:

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरच्या गाळ्यातले दंतवैद्य. यांना यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार २: (सही) दंतवैद्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवतात. यांनाही काही मिळत नाही, फक्त चहा मिळाला.

वाचून दाखवणार: (सही) पुतण्या

ठिकाण: राहते घर, वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: आजचा, सोबतच्या पानावर वकीलबाईंच्या अक्षरात